आर. के. पुरमचा वाल

डिसेंबरचा दुसरा रविवार. सकाळी दाट धुकं, समोरची पाण्याची टाकी दिसत नव्हती. दहानंतर पिवळट ऊन. वारा अजिबात नाही. हवा खराब, खिडक्या दिवसभर बंद.

तारीख आणि हवा रोज लिहून ठेवायची मला सवय आहे. कुणी शिकवली नाही, आपोआप लागली. किस्से मात्र लिहून ठेवावे लागत नाहीत. ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात!

आज दार उघडलं ते भाजीमुळे. माझ्या बायकोने, संध्याने, बाजारातून वालाच्या शेंगा आणल्या होत्या. इकडे त्यांना सेम म्हणतात. मोठ्या, चपट्या, सगळ्या एका मापाच्या. तिने वांगं घालून भाजी केली. मी खाल्ली.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"हिरवी," मी म्हणालो.

ती रागावली नाही. तिलाही शेंडेकाकूंचा वाल आठवला होता.

*

आधी मंडळी सांगतो. दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं. बहुतेक विदर्भातली, आम्ही वाघमारे तेवढे नांदेडकडचे. महिन्यातून एका रविवारी शेंडेकाकूंकडे जेवण. वयाने त्या माझ्या वहिनी, पण पोरांमुळे सगळ्यांच्याच काकू झाल्या होत्या. त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर, पुढे जमिनीचा एक तुकडा. थंडीत तिथे चटया टाकायच्या, पाठीवर ऊन घ्यायचं आणि शेंगा सोलत गप्पा मारायच्या.

नियम एकच होता. ताटात निदान एक वस्तू गावाहून आलेली हवी, नाहीतर त्या तुकड्यात उगवलेली. सुट्टीत जो गावी जाईल त्याने सगळ्यांसाठी आणायचं. ज्वारी, तूरडाळ, जवस, मिरच्या.

आमच्यातले डोंगरेसाहेब अंडर सेक्रेटरी. राहायला फरीदाबादला, टॉवरमध्ये. त्यांना प्रत्येक गोष्टीला ऑफिसचं नाव द्यायची हौस. म्हणाले, "ही आपली सप्लाय चेन आहे. मॉडर्न फूड सिस्टीमला पर्याय!"

शेंडेकाका फारसं बोलत नसत. नुकतंच स्टेशनवरून ज्वारीचं पोतं आणून ते भिंतीला टेकून बसले होते.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही जिला चेन म्हणता ना, ती माझी कंबर आहे!"

*

एकदा मिरच्या आणायची पाळी माझी होती. काकूंच्या सांगण्यावरून नागपूरहून भिवापुरी मिरच्यांची मोठी पिशवी घेतली आणि दिल्लीत उतरून तशीच मेट्रोत निघालो. तपासणीच्या मशीनमधून पिशवी बाहेर आली ती एका कडेने फाटूनच.

आधी जवान शिंकला. मग त्याच्या शेजारचा. मग माझ्या मागची रांग. एक बाई कडेवरच्या मुलाचं तोंड पदराने झाकत मला म्हणाल्या, "भाईसाब, ये ले जाने की चीज़ है?"

जवानाने लाल डोळ्यांनी मला बाजूला घेतलं. पिशवी उघडायला लावली. एक मिरची उचलली, देठ मोडला, वास घेतला, परत शिंकला. मी माझं ऑफिसचं कार्ड शोधत होतो.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "भिवापुरी हाय का जी?"

"हो! तुम्ही तिकडचे?"

"उमरेडचा." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज आणखी उतरवला. "दोन ठेवता का? मेसच्या वरणाले काहीच चव नसते."

दोन नाही, मूठभर ठेवल्या. पुढे जाताना मागून त्याचा मोठा आवाज ऐकू आला, "चलो, चलो, कुछ नहीं है, आगे बढ़ो!" आणि लगेच शिंक.

*

काकूंच्या जमिनीच्या तुकड्याचा राजा म्हणजे वाल. लग्नानंतर दिल्लीला येताना त्यांनी पवनीजवळच्या आपल्या माहेराहून बी आणलं होतं. जांभळ्या कडेच्या छोट्या शेंगा, आणि शिजताना असा वास की जिना चढणारा माणूस थांबून विचारायचा, आज कुणाकडे?

हा वेल ड्रेनच्या पाइपला धरून वर जायचा आणि थेट पहिल्या मजल्यावरच्या मिसेस नायरांच्या बाल्कनीत हात पसरायचा. मिसेस नायर वरच्या वर शेंगा तोडायच्या आणि खोबरं घालून भाजी करायच्या. काकूंना खालून सगळं दिसायचं.

एका थंडीत शेवटी बोलणं झालंच. काकू खाली कमरेवर हात ठेवून, मिसेस नायर वर कठड्यावर वाकून. मध्ये आम्ही, माना वर-खाली करत.

"मैंने लगाया, मैंने पानी डाला!"

"तो मैंने बुलाया क्या? खुद मेरे घर आया!"

मिसेस नायर रेल्वेत अकाउंट्सला होत्या. त्यांनीच निकाल दिला. "देखो शेंडेजी, सिंपल है. नीचे का आपका, ऊपर का मेरा, बीच का बंदर का!"

आमच्याकडे माकडांचा त्रास होताच. दोन मजल्यांच्या मधला, पाइप आणि छज्ज्याभोवतीचा वेल तसाही कुणाच्या हाताला लागत नव्हता. काकूंनी मान्य केलं. आणि काकूंनी एकदा मान्य केलं की ते कायमचं.

गेल्या थंडीत माकडं पळवायला लंगूरसारखी हाक मारणारा माणूस कॉलनीत फेऱ्या मारू लागला आणि माकडं यायची बंद झाली. मधल्या शेंगा तशाच लटकत होत्या. मी म्हणालो, "काकू, काठीने पाडून देऊ का?"

"नको," काकू म्हणाल्या. "ठरलं म्हणजे ठरलं. उद्या आली तर काय सांगायचं त्यांना?"

*

डोंगरेसाहेबांनी फरीदाबादच्या बाल्कनीत मातीशिवाय पालक उगवायचं यंत्र बसवलं. पांढरे पाइप, त्यातून फिरणारं पाणी, वर जांभळे दिवे, शेजारी एक छोटा पंखा. आम्हाला मुद्दाम बघायला बोलावलं. "मातीची गरज नाही, किडीची भीती नाही. भविष्यातली शेती!"

मे महिना होता. आम्ही सोफ्यावर बसतोय तोवर लाइट गेली. घरातले पंखे थांबले. बाल्कनीतला मात्र फिरत राहिला, जांभळे दिवेही चालू.

"इन्व्हर्टर कुठे गेला?" संध्याने विचारलं.

मिसेस डोंगरे वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. "कुठे जाणार? पालकाला दिलाय. आम्ही घामात, पालक पंख्याखाली!"

यंत्रातून पहिली जुडी निघाली तेव्हा साहेबांनी ती डब्यात घालून रविवारच्या जेवणाला आणली. काकूंनी पानं हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि प्रेमाने म्हणाल्या, "किती नाजूक आहे हो! याला फोडणी देऊ की दूध पाजू?"

*

हेच डोंगरेसाहेब एकदा शाश्वत अन्नावरच्या सेमिनारला गेले होते. मोठं हॉटेल, गळ्यात कार्ड. संध्याकाळी परस्पर आमच्याकडे आले आणि टाय सैल करून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, भाकरी आहे का?"

"बसा, टाकते. तिथे जेवण नव्हतं?"

"होतं ना. थीमच ज्वारी होती."

"मग?"

"ज्वारीचा केक होता. एवढासा!" त्यांनी चिमूट दाखवली. "आणि वर जी चेरी होती ना वाघमारे, ती विमानाने आलेली!"

तिसऱ्या भाकरीला त्यांनी सेमिनारमध्ये मिळालेली कापडी पिशवी संध्याला भेट दिली. तिच्यावर 'लोकल खा' असं इंग्रजीत छापलेलं होतं. पिशवी अजून आहे. संध्या तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवते.

*

आमची ऋचा दिल्लीतच वाढलेली. तिच्या लेखी भाजी फोनमधून येते. एका रविवारी काकू म्हणाल्या, "मेथी घालून मुटके करावेत का?" ऋचाने लगेच फोन काढला. "काकू, ऑर्डर करते. दहा मिनिटांत येईल!"

"कर की," काकू म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर गेल्या.

ऋचा फोनकडे बघत बसली. स्कूटर चौकात आली, चुकून दुसऱ्या सेक्टरला वळली, परत आली, गेटवर अडली. इकडे काकूंनी मेथी खुडली, धुतली, चिरली, पीठ मळलं. बेल वाजली तेव्हा मुटके कढईत होते.

ऋचा डबा घेऊन आत आली. आधी कागदी पिशवी, मग प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओला टिशू, आणि त्याच्या आत मेथी झोपलेली.

काकूंनी कढईतून वर न बघताच सांगितलं, "आली का तुझी? ठेव तिकडे. पुढच्या रविवारी करू."

डबा काकूंनी धुऊन ठेवला. त्यात पुढे त्यांनी टोमॅटोची रोपं लावली. ऋचा अजून ऑर्डर करते. पण डबे धुऊन ठेवते.

*

काकूंची एक पद्धत होती. कुणाची बदली झाली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली की निरोपाला साडी नाही, स्टीलचं भांडं नाही. जुन्या रुमालात बांधलेली वालाच्या बियांची एक मूठ. "जाल तिथे दोन दाणे तरी पेरा," एवढंच म्हणायच्या. चंदीगडला, हैदराबादला, भोपाळला अशा मुठी गेल्या. करोल बागेत खोली घेऊन परीक्षेची तयारी करणारी लातूरची प्रज्ञा रविवारी मेट्रोने जेवायला यायची, तिलाही एक मिळाली.

मग शेंडेकाकांच्याच निवृत्तीचं वर्ष आलं. जूनअखेर क्वार्टर सोडायचं, गावी कायमचं जायचं. आमचे जुने ब्लॉकही पाडणार अशी नोटीस लागली होती.

अशात काकूंच्या भावाचा पवनीहून फोन आला. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"जयभीम, बाई! येताना आपला वाल आणजो."

"मी तिथून आणला ना रे! इथून काय आणू?"

"इथं कुठं राहिला? शेताच्या धुऱ्यावर सगळे औषध फवारतात. गवत जळते, त्याच्यासंगं वेलही. पाकिटातलं बी आणून लावलं. शेंगा लय येतात, पण वास नाही. अन् त्याचंच बी पुढच्या साली पेरलं तर धड येत नाही. पुऱ्या गावात विचारलं, बाई. कोणापाशीच नाही."

फोन ठेवल्यावर काकूंनी हातातली शेंग न सोलताच परत ठेवली. मग म्हणाल्या, "आई विचारायची, दिल्लीत काय पिकतं गं? आता असती तर सांगितलं असतं."

त्या दिवसापासून काकूंना सामानाची काळजी नव्हती. पलंग विकला, फ्रिज दिला. "बी तेवढं माझ्या हातातल्या पिशवीत जाईल," असं रोज कुणाला तरी सांगायच्या.

*

जूनचा शेवटचा रविवार. कडक ऊन, आकाश मातीच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी काका-काकूंची गाडी होती.

निरोपाचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा असं डोंगरेसाहेबांनी जाहीर केलं होतं. आदल्या संध्याकाळी काका-काकू वर मिसेस नायरांकडे जेवायला गेले. मी बाहेरच्या खोलीत गाद्या बांधत होतो. साहेब आत स्वयंपाकघरात मेनू ठरवत होते. मधूनच त्यांचा आवाज यायचा, "वाघमारे, काहीही फेकायचं नाही! या घरातलं सगळं वापरून संपवायचं! झीरो वेस्ट!"

"बिल्कुल, साहेब!" मी गाठ आवळत म्हणालो.

रविवारी पंगत बसली. भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मोठ्या पातेल्यात उसळ. अशी उसळ की पहिल्या घासाला सगळे गप्प झाले. डोंगरेसाहेब उभे राहिले. "मॉडर्न फूड सिस्टीमचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे वेस्ट. आज या घरात एक दाणा वाया गेलेला नाही!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

काकूंनी घास घेतला. त्यांचा चेहरा खुलला.

"अगदी आपला वाल! कुठे मिळाला, साहेब?"

"तुमच्याकडेच! वरच्या फळीवर, मागे, कॉफीची बरणी!"

काकूंनी घास गिळला. "सगळी?"

"सगळी, काकू! झीरो वेस्ट!"

काकांनी उठून पातेल्यात पाहिलं आणि झाकण परत ठेवलं. साहेब अजून उभेच होते, हातात डाव. हळूहळू त्यांना समजत गेलं, आणि मी अंडर सेक्रेटरीला पहिल्यांदाच भिंतीला धरून खाली बसताना पाहिलं.

काकू एवढंच म्हणाल्या, "जेवा. आता शिजलंय, तर जेवा."

साहेबांनीच फोन काढला. गेलेल्या मुठी आठवून एकेकाला लावायला सुरुवात केली, स्पीकरवर.

चंदीगडचे बोरकर म्हणाले, "जयभीम साहेब! वाल? अहो, चौथा मजला. माती कुठली? खाल्ला. काय चव होती!"

हैदराबादचे मेश्राम म्हणाले, "आठवण काढलीत! आम्ही पोचलो त्याच आठवड्यात केला. आणखी पाठवताय का?"

भोपाळवाल्यांनी पेरला होता. उगवला, तेव्हा घरमालकाने गवत समजून उपटला.

शेवटी प्रज्ञा. "काकू, मॉक इंटरव्ह्यूमध्ये शाश्वत शेतीचं उदाहरण विचारलं. मी तुमच्या मुठीचंच दिलं! पॅनल एकदम खूश!"

"आणि मूठ?" काकूंनी विचारलं.

"त्याच दिवशी उसळ केली. सेलिब्रेशन म्हणून."

साहेबांनी फोन पालथा ठेवला.

मिसेस नायर निरोपाला पायसम घेऊन आल्या होत्या आणि मघापासून पातेलं हातात धरून दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण इतकी वर्षं वरून ऐकून समजायचं सगळं.

"लेकिन," त्या म्हणाल्या, "बंदर वाला?"

आम्ही सगळे हात न धुता बाहेर आलो. खालचा वेल काकूंनी मार्चमध्येच उपटला होता, वरचा मिसेस नायरांनी कापला होता. मधला, पाइपला आणि छज्ज्याला गुंडाळलेला, काळा पडून तसाच लटकत होता. त्यात वाळलेल्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या.

जेवणाचं टेबल बाहेर आलं. डोंगरेसाहेब त्यावर चढले, पडद्याच्या दांडीला झाडू बांधून. काकांनी टेबल धरलं. मिसेस नायर वर जाऊन बाल्कनीतून फरशी पुसायच्या दांड्याने वेल हलवू लागल्या. काकू आणि संध्या खाली चादर धरून उभ्या होत्या.

"राइट, राइट! नहीं, मेरा राइट!"

"साहेब, सावकाश. टेबल सरकारी आहे!"

गडबडीने असेल किंवा कशाने, कुंपणावर एक माकड येऊन बसलं. कित्येक महिन्यांनी. लंगूरवाल्या माणसाची रविवारी सुट्टी होती. सगळे जागच्या जागी थांबले. साहेबांनी दांडी खाली केली.

काकूंनी चादर न सोडता त्याच्याकडे पाहिलं.

"थोडे घेते रे," त्या म्हणाल्या. "तुझेच आहेत."

शेंगा बहुतेक पोकळ किंवा किडलेल्या निघाल्या. धड दाणे मिळाले अठरा. डोंगरेसाहेबांनी एक मागितला, दिला नाही. सहा मिसेस नायरांनी ठेवून घेतले. बारा काकूंबरोबर पवनीला गेले. नऊ उगवले.